बंद खोली, चालू एसी आणि सकाळचं जड डोकं: कार्बन डायऑक्साइड शरीराचं नक्की काय करतो?

वैदर्भी (१२ मे, सकाळी ८:०५)

नमस्कार. मागच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे कूलरच होता. नागपुरात मानेवाड्याचं घर, खिडकीला बाहेरून लावलेला डेझर्ट कूलर, मार्च संपता संपता नव्या ताट्या भरायच्या आणि रात्रभर खसचा वास. यंदा लेक दहावीला गेली म्हणून बेडरूममध्ये स्प्लिट एसी बसवला. एसी एकच, त्यामुळे रात्री आम्ही तिघंही तिथंच झोपतो. बिल कमी यावं म्हणून यांनी खिडकीच्या फटींना फोमची पट्टी चिकटवली. दाराखाली मी जुनी चादर गुंडाळून लावते.

आठ-दहा दिवसांतच लेक उठल्या उठल्या म्हणायला लागली, "आई, डोकं जड झालंय." आधी मी मोबाइलवर राग काढला. मग चष्म्याचा नंबर तपासला, तो तेवढाच निघाला. हिमोग्लोबिन पाहिलं, तेही बरं होतं. पण रोज एक गोष्ट दिसत होती. ती गच्चीवर दोन फेऱ्या मारून आली की तासाभरात डोकं आपोआप उतरायचं. मला स्वतःलाही रात्रभर झोपून न झोपल्यासारखं वाटायचं.

माझ्या भाच्याकडे कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. तो ते ठेवून गेला आणि त्याच रात्री मी उठून उठून आकडे लिहिले. ११ वाजता ६४०, २ वाजता २,४००, सकाळी ६ वाजता ३,१००. तेच यंत्र गच्चीवर नेलं तर ४३०. (सगळे पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग.)

३,१०० पाहून माझे हातपाय गार पडले. शाळेत शिकलो होतो की हा वायू आपण बाहेर टाकतो, म्हणजे शरीराला नको असलेला. माझ्या लेकीला यानं अपाय होतोय का? किती असला म्हणजे जास्त? आणि नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) तोंडावर आलेला असताना खिडकी उघडी ठेवून झोपायचं तरी कसं?

श्वासमित्र (१२ मे, दुपारी १:४०)

वैदर्भीताई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, नागपुरातच. आधी धीर धरा. ३,१०० पीपीएम म्हणजे ०.३१ टक्के. यानं कुणी बेशुद्ध पडत नाही आणि फुफ्फुसं खराब होत नाहीत. पण तुमच्या लेकीची तक्रार खोटी आहे असंही मी म्हणणार नाही.

ऑक्सिजन कमी पडतो म्हणून आपण श्वास घेतो असं बहुतेकांना वाटतं. निरोगी माणसात मात्र श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. पेशींत तयार झालेला हा वायू रक्तात उतरतो, पाण्याशी मिळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन वेगळे होतात. हा वायू वाढला की रक्त किंचित आम्लधर्मी होतं. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेजवळ, काही पेशी या बदलावर नजर ठेवून असतात. त्यांना जरा सुगावा लागला की श्वास खोल आणि भरभर होतो. धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरच्या आत ठेवायचा आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये, यासाठी शरीर दिवसरात्र झटत असतं.

दुसरं काम मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं. हा वायू वाढला की त्या रुंदावतात. डोकं भरून येणं, कपाळ ठणकणं याचं एक कारण तेच. पण त्यासाठी हवेतलं प्रमाण चांगलंच वाढावं लागतं.

आता पायऱ्या सांगतो. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. दीर्घकाळ तेवढ्या हवेत राहिलं तर काहींना सुस्ती जाणवते. २-३ टक्क्यांना श्वास स्पष्ट वाढतो. ५ टक्क्यांच्या आसपास धाप, डोकेदुखी, गरगरणं. ७ ते १० टक्क्यांत काही मिनिटांपासून तासाभरात शुद्ध हरपते. त्याच्या वर गेलं की झटके आणि मृत्यू, तोही झपाट्यानं. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा ५,००० पीपीएम धरतात आणि ४०,००० ला जिवाला तत्काळ धोका मानतात. तुमची खोली या सगळ्याच्या खाली आहे.

ज्यांच्या घरी सीओपीडीचा (श्वासाची वाट अरुंद करणाऱ्या जुनाट फुफ्फुसाच्या आजाराचा) रुग्ण आहे, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली आजी किंवा विडी ओढणारे आजोबा, त्यांच्यासाठी मात्र मला कळकळीनं सांगायचंय. अशा काही रुग्णांच्या शरीरातच कार्बन डायऑक्साइड साठून राहतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंगणं, पसरलेले हात फडफडल्यासारखे हलणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं. धाप लागते म्हणून घरचे लोक प्रेमापोटी ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडा वाढवून ठेवतात आणि आजी शांत झोपल्या म्हणून समाधान मानतात. ती झोप नसते, गुंगी असते. या रुग्णांत रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी साधारण ८८ ते ९२ टक्के राखायची असते, ९९ नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा स्वतःहून वाढवू नका. आणि कुणी उठवूनही नीट जागं होत नसेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

महालचा_वाडा (१२ मे, दुपारी ३:२०)

ताई, तुमच्या घरात जे बदललं ते हवेच्या वाटेत बदललं. कूलर खिडकीत असतो, बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून खेचतो आणि आत ढकलतो. मोठा डेझर्ट कूलर तासाला दोन-तीन हजार घनमीटर हवा टाकतो. म्हणून तर जुनी माणसं सांगायची, कूलर लावला की समोरचं दार उघडं ठेवा, नाहीतर गारवा येत नाही. आलेली हवा जायला नको का? स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. तांब्याच्या नळ्यांतून बाहेर जाते ती उष्णता. हवा जात नाही.

आमच्या वाड्यात प्रत्येक दारावर झरोका होता आणि छताखाली जाळीची उजेडदानं. गरम झालेली हवा वर चढून तिथून निघून जायची. नव्वदच्या दशकात काकांनी पीओपी करताना सगळी बुजवली, धूळ येते म्हणून. आता त्याच खोल्यांत एसी आहेत. अर्धं नागपूर कूलरवरून एसीवर चाललंय आणि आपण हवेची ये-जा बंद करतोय, याकडे कुणाचं लक्षच नाही. मला हे फार खुपतं.

एक सावधगिरी. हल्ली फ्लॅटमध्ये चाकांचा कूलर खोलीच्या मधोमध ठेवतात. तो बाहेरची हवा आणत नाही. खोली कोंदट तर होतेच, वर दमटही.

गणिताचा_मास्तर (१२ मे, सायंकाळी ६:१५)

मी निवृत्त शिक्षक. आकडा पाहिला की मांडून बघायची सवय आहे, ती इथं उपयोगी पडेल.

खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट धरा. म्हणजे १,२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण १२-१३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तिघांचे ३८ धरू. खोली डब्यासारखी पक्की बंद असती तर तासाला १,१०० पीपीएमची भर पडली असती आणि सात तासांत आकडा ८,००० च्या पुढे गेला असता. ताईंकडे ३,१०० वर थांबला, म्हणजे फटींतून थोडी हवा येते-जाते. दोन-अडीच तासांतून एकदा खोलीची हवा बदलते असा त्याचा अर्थ. फोमची पट्टी आणि चादर आणखी घट्ट लावली तर आकडा आणखी चढेल.

दुसरा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या उच्छ्वासात या वायूचं प्रमाण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतं. बाहेरच्या हवेपेक्षा तुमच्या खोलीत २,७०० च्या आसपास जास्त आहे. भागून पहा. खोलीतल्या हवेचा पंधरावा हिस्सा कुणाच्या ना कुणाच्या छातीतून येऊन गेलेला आहे. घरात तापसर्दी असो, नाहीतर क्षयाचा रुग्ण असो, त्या वेळी या पंधराव्या हिश्श्याचं गांभीर्य कळतं.

खोलीतली हवा १,००० पीपीएमच्या आत असावी असं म्हणतात, ते मापही आजचं नाही. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये माणसांनी भरलेल्या खोल्यांची हवा तपासली आणि हा वायू ०.१ टक्क्याच्या वर गेला की हवा कोंदट समजावी असं सुचवलं. या वायूला त्यांनी विष म्हटलं नव्हतं. माणसांच्या श्वासानं आणि अंगानं हवा किती खराब झाली याची ती खूण होती. पावणेदोनशे वर्षांनी आपण त्याच खुणेवर आलोय.

वैदर्भी (१२ मे, रात्री ९:३०)

सर्वांचे मनापासून आभार. चादर आत्ताच काढली. डॉक्टरसाहेब, एक विचारते. इंटरनेटवर एका ठिकाणी लिहिलंय की १,००० च्या वर गेलं की मेंदू मंदावतो, दुसरीकडे लिहिलंय की काहीच होत नाही. दहावीच्या पोरीची आई काय समजणार?

श्वासमित्र (१३ मे, सकाळी ७:०५)

दोन्ही बाजूंचे प्रयोग झालेले आहेत, म्हणून गोंधळ आहे. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये २२ जणांना ६००, १,००० आणि २,५०० पीपीएमच्या खोलीत बसवून निर्णयक्षमतेची चाचणी घेतली. वायू शुद्ध, सिलिंडरमधून सोडलेला. २,५०० ला बऱ्याच गुणांत ठळक घसरण दिसली. उलट डेन्मार्कमध्ये शुद्ध वायू ३,००० पर्यंत वाढवून पाहिला तेव्हा तसं आढळलं नाही. तीच पातळी माणसांच्या उच्छ्वासानं गाठली तेव्हा मात्र डोकेदुखी, थकवा, झोपाळूपणा वाढला. पाणबुडीवरच्या नौसैनिकांवर १५,००० पर्यंत प्रयोग झाला, त्यांच्या निर्णयांत फरक पडला नाही. पण ते धडधाकट आणि त्या हवेला सरावलेले. दहावीच्या मुलीला त्यांच्या मापानं कसं मोजणार?

झोपेचा अभ्यास मला तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा वाटतो. डेन्मार्कमध्येच वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत हवा खेळती ठेवली तेव्हा त्यांची झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशी तर्काच्या चाचणीत ते सरस ठरले. हवा बंद असताना त्या खोल्यांत २,४००-२,६०० च्या आसपास आकडे होते, म्हणजे तुमच्यापेक्षा कमीच.

माझं मत विचाराल तर, तुमच्या खोलीत एकटा कार्बन डायऑक्साइड गुन्हेगार नाही. त्याच्यासोबत घामाचे वास, फर्निचरच्या पॉलिशचे वायू हेही साठतात. वायूचा आकडा म्हणजे तापमापी समजा. आकडा कमी करायला जाल तेव्हा बाकीचंही कमी होईल.

कामठी_रोड (१३ मे, सकाळी १०:५०)

आम्ही कोराडीच्या वीजकेंद्राच्या बाजूला राहतो. तिथल्या चिमण्यांतून एवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, मग आमच्या घरात तर तुमच्यापेक्षा जास्त असेल ना? आईला दमा आहे. आणि बेडरूममध्ये मनीप्लांट, स्नेक प्लांट ठेवले तर फायदा होतो का? हवा शुद्ध करायचं यंत्रही घ्यायचा विचार आहे.

श्वासमित्र (१३ मे, दुपारी २:१५)

तुमच्या आईच्या दम्याचा संबंध असलाच तर राखेच्या बारीक कणांशी आणि सल्फर डायऑक्साइडशी लावा. कोळसा जाळणाऱ्या केंद्रातून कार्बन डायऑक्साइड अफाट निघतो, पण उंच चिमणीतून गरम होऊन वर जातो आणि पसरतो. आसपासच्या गावात श्वासाला बाधेल एवढा तो साचत नाही. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा जगाची हवा ३१५ पीपीएमच्या आसपास होती, आज ती ४२० च्या वर आहे. ही वाढ पृथ्वी तापवते आणि आपला मे महिना आणखी कठीण करते. ते दुःख मोठं आहे, पण घरात गुदमरण्याचं कारण ते नव्हे.

झाडं आवडत असतील तर जरूर ठेवा. एक माणूस दिवसाला जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि कुंडीतलं झाड त्यापुढे काही ग्रॅमांचाच व्यवहार करतं. हवा शुद्ध करायचं यंत्र धूळ, धूर, परागकण पकडतं. आईसाठी त्याचा उपयोग होईल, पण कार्बन डायऑक्साइड त्याच्या जाळीतून सरळ निघून जातो. त्याला एकच उपाय, बाहेरची हवा.

भाचा_इंजिनिअर (१३ मे, सायंकाळी ५:००)

वैदर्भीमावशीला यंत्र देणारा तो मीच. यंत्र घ्यायचं ठरवाल तर फसू नका. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच यंत्रं हा वायू मोजतच नाहीत. हवेतल्या इतर वाफांवरून अंदाज करतात आणि पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा दाखवतात. घेताना एनडीआयआर सेन्सर आहे का ते विचारा. त्यात अवरक्त किरण हवेतून सोडतात आणि हा वायू त्यातला किती भाग शोषतो ते मोजतात. घरी तपासायचं असेल तर जवळ सॅनिटायझरची बाटली उघडून ठेवा आणि तुम्ही लांब उभे राहा. आकड्यानं उडी मारली तर यंत्र नकली. खरं यंत्र गच्चीवर अर्धा तास ठेवलं की ४२०-४५० च्या जवळ स्थिरावतं.

आणि गाडीचं सांगायलाच हवं. मागच्या महिन्यात आम्ही चौघं समृद्धी महामार्गावरून निघालो. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं, बाहेर ४३ अंश. अर्ध्या तासात यंत्रावर ३,४०० आणि मागचे दोघं पेंगलेले. बटण बदलून बाहेरची हवा घेतली, दहा मिनिटांत हजाराच्या खाली आलं. सरळ, एकसुरी रस्ता आणि त्यात अशी हवा. चालवणाऱ्यानं अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी ही माझी हात जोडून विनंती.

काटोलकडचा (१३ मे, रात्री १०:२०)

सगळं वाचून राहिलो. शहरातल्या लोकायची खोली आन् आमची विहीर, वायू थोच. पण आमच्याकडे थो माणूस नेते, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या शेतात मोटार काढाले एक जण उतरला. विहीर जुनी, झाकलेली, पाणी खाली गेलेलं. हाक दिली तर ओ नाई. त्याले काढाले त्याचा भाऊ उतरला, मग शेजारी. तिसऱ्याले दोरानं अर्ध्यातून वर खेचला, थो वाचला. बाकी दोघं गेले. मी काठावर होतो. मलेही उतराचं होतं, माझ्या बायकोनं माह्या कमरेले मिठी मारली म्हणून आज लिहून राहिलो. विहिरीत "गॅस" असते एवढंच आम्हाले माहीत. कोणता गॅस, कुठून येते, हे कोणीच सांगत नाई. आमचे लोक कंदील सोडून पाहतात. विझला तर उतरत नाई, जळत राहिला तर उतरतात. हे बरोबर हाये का? आमच्या बागेतल्या विहिरीचा गाळ काढाचा हाये या महिन्यात.

बुटीबोरी_सेफ्टी (१४ मे, सकाळी ६:३०)

काटोलकडचे दादा, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एक जीव वाचवला. मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, टाक्यांत माणसं उतरवण्याची परवानगी देणं हे माझं रोजचं काम. म्हणून जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचा.

मातीत मुळं आणि जिवाणू सतत श्वास घेत असतात. त्यामुळे जमिनीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड कधी एक टक्का, कधी कितीतरी जास्त असतो आणि ऑक्सिजन तेवढाच उणा. विहीर म्हणजे त्या पोकळ्यांना मिळालेलं मोठं तोंड. आभाळ भरून आलं, हवेचा दाब उतरला की जमिनीतली ही हवा विहिरीत उतरते. तळाशी पालापाचोळा कुजत असेल तर त्याची भर. हा वायू हवेच्या दीडपट जड. वारा लागत नाही, विहीर झाकलेली, मग तो तळाला पाण्यासारखा साचून राहतो. रंग नाही, आणि ओळखू येईल असा वास नाही. काल उतरलो तेव्हा काही झालं नाही, हा पुरावा धरू नका. कालचा दाब वेगळा, आजचा वेगळा.

जड वायू काय करतो याचं सर्वांत भयंकर उदाहरण आफ्रिकेतल्या कॅमेरूनचं. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस नावाच्या तळ्याच्या तळाशी विरघळून साठलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळला आणि दऱ्यांमधून खाली वाहत गेला. सुमारे १,७०० माणसं आणि हजारो गुरं गेली, काही तर तळ्यापासून २५ किलोमीटरवर. बहुतेकांना झोपेतच मृत्यू आला.

आता कंदिलाचं. विझला तर नक्कीच उतरायचं नाही. पण जळत राहिला म्हणजे विहीर निर्धोक, हे चूक आहे. ज्योत विझायला ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो. माणूस मात्र ७-८ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्येच कोसळतो, तेव्हा ज्योत जळत असू शकते. शिवाय गोबरगॅसची टाकी, सेप्टिक टाकी, गटार यांत मिथेन असतो, तिथं ज्योत सोडली तर स्फोट होईल. तिथं हायड्रोजन सल्फाइडही असतो, तो आणखी घातक.

आमच्याकडे चार वायू मोजणारं यंत्र वापरतात. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. त्यात कार्बन डायऑक्साइड नसतो, हे पुष्कळ कंत्राटदारांना ठाऊक नसतं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ते ओरडतं. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्के. केवळ कार्बन डायऑक्साइडनं जागा अडवून तो १९.५ वर आला असेल, तर गणित करा, तो वायू ६.७ टक्के झालेला असतो. यंत्र ओरडेपर्यंत माणूस धोक्यात गेलेला असतो. म्हणून विहिरीसाठी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर लागतो. भाच्यानं मावशीला दिलेलं घरगुती यंत्र इथं नेऊ नका, त्याची झेप सहसा काही हजारांपर्यंतच असते.

करायचं काय? झाकण काढून विहीर उघडी ठेवा. ब्लोअरचा पाइप पार तळापर्यंत सोडा आणि हवा मारत राहा, उतरल्यानंतरही ब्लोअर बंद करू नका. कडुनिंबाची मोठी फांदी दोराला बांधून वरखाली करतात, पाणी शिंपडतात, त्यानं हवा ढवळते खरी, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. डिझेलचं इंजिन विहिरीत कधीच उतरवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत मारतो. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर कप्पीला आणि काठावर ओढायला तीन माणसं. आणि खालचा माणूस पडला तर दुसऱ्यानं उतरायचं नाही. दोरानं ओढायचं, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा, पण उतरायचं नाही. हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही, माया धावते.

नव्यानं_आई (१४ मे, सकाळी ११:४५)

माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. एसी लागतो म्हणून सासूबाई त्याला तोंडापर्यंत दुपट्यात गुंडाळतात. आणि मागच्या हिवाळ्यात, बाळंतपणाच्या आधी, खोलीत कोळशाची शेगडी ठेवायच्या. माझं डोकं फार दुखायचं. तोही हाच वायू का?

श्वासमित्र (१४ मे, दुपारी १:१०)

ताई, बाळाचं तोंड आणि नाक कायम उघडं राहू द्या, त्याला उताणं झोपवा. पांघरूण तोंडावर आलं की बाळ स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा घेतं. ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्याला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. एसीचा झोत थेट अंगावर नको, अंगात बंडी पुरे. सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा, त्यांचा हेतू मायेचाच आहे.

शेगडीचा वायू वेगळा. तो कार्बन मोनॉक्साइड. कोळसा अर्धवट जळला की तयार होतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कार्बन डायऑक्साइड वाढला तर निदान धाप लागते, जीव घाबरा होतो, माणूस दार उघडायला धावतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ती सूचनाही मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, अशक्तपणा आणि मग शुद्ध जाते. नागपूरची जानेवारीची थंडी कितीही बोचरी असली तरी बंद खोलीत शेगडी नको. न्हाणीघरात गॅस गिझर नको. जनरेटर पडवीतसुद्धा नको. तुमच्या खोलीत ती शेगडी पुन्हा ठेवू देऊ नका.

गणिताचा_मास्तर (१५ मे, सायंकाळी ७:४०)

राहवत नाही म्हणून लिहितो. माझा नातू ज्या शिकवणीला जातो तिथं काल मी भाच्यांकडून यंत्र मागून नेलं. क्लासचं नाव घेत नाही. ३० बाय २० फुटांचा हॉल, ६० मुलं, दोन एसी, एकही उघडी खिडकी नाही, मागच्या खिडक्यांवर जाहिरातीचा फ्लेक्स ठोकलेला. पाऊण तासात ३,८०० आणि आकडा चढताच. बसलेला मुलगा तासाला १८ लिटर सोडतो. हवा अजिबात बदलली नाही तर तासात ६,००० च्या वर भर पडेल. तिसऱ्या तासाला मुलं पेंगतात तेव्हा सर त्यांना उभं करतात. मी चाळीस वर्षं हेच केलं असणार, पण आमच्या वर्गांना निदान चार खिडक्या होत्या.

तैवानमध्ये एका विद्यापीठात क्षयाची साथ आली होती. तिथल्या वर्गांत आकडा ३,००० च्या वर होता. हवा खेळती करून तो ६०० वर आणला आणि साथ थांबली. आपल्या देशात क्षय अजून घरोघरी आहे. फ्लेक्स फाडायला किती खर्च येतो? मी क्लासच्या मालकांना भेटलो. ऐकून घेतलं. सोमवारी पुन्हा जाणार आहे.

वैदर्भी (२० मे, सकाळी ७:३०)

आठवडाभराचे आकडे देते. नुसती चादर आणि फोम काढला, सकाळी ६ ला २,३००. दार चार बोटं उघडं ठेवलं, १,५००, पण एसी थांबेचना. मग बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर चालू ठेवला, बाथरूमचं दार अर्धं उघडं, हॉलची एक खिडकी उघडी. हवा हॉलमधून दाराखालच्या फटीनं येते आणि बाथरूममधून जाते. सकाळी ६ ला ९८०. एसी २४ ऐवजी २७ वर आणि पंखा मंद. अंगावर चादर लागत नाही एवढाच फरक. (आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे करू नका, पंखा गिझरचा धूर आत ओढू शकतो, असं सेफ्टीच्या दादांनी मला व्यक्तिगत निरोपात बजावलं.)

लेकीचं डोकं सहापैकी पाच सकाळी जड नव्हतं. एक दिवस दुखलं, आदल्या संध्याकाळी क्लासमधून आली तेव्हापासूनच दुखत होतं. तिचा क्लास मास्तरकाकांनी सांगितला तसाच आहे. यंत्र उद्या तिच्या दप्तरात जातंय.

काटोलकडचा (२० मे, रात्री ९:१५)

गाळाचं काम थांबवलं. गावातल्या गोडाऊनचा ब्लोअर भाड्यानं मिळते, पाइप पन्नास फुटी पाहिजे, आपली विहीर बेचाळीसची. छातीचा पट्टा नागपूरहून मागवला. मजूर म्हणत होते, कशाले एवढं, कंदील सोडून पाहू. त्याइले हा धागा वाचून दाखवला, थे १९.५ वालं गणित दोनदा. पाइप येईपर्यंत विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या हायेत, कोणी उतरू नाई म्हणून.